चोर सोडून संन्याशाला फाशी: हार्ड डिस्क 'बिघडली' म्हणजे नक्की काय झालं?

गेल्या वर्षी आमच्या लॅबमधला सर्व्हर तीन महिन्यांत तीन वेळा बसला. तिन्ही वेळा शनिवारी रात्री. सोमवारी सकाळी कुणीतरी लॅब उघडायचं, स्क्रीन काळी असायची, नेटवर्कवरून लॉगिन व्हायचं नाही. मग बटण दाबून बंद करायचा, पुन्हा चालू करायचा, की सगळं सुरळीत. लॉग उघडून बघावं तर शनिवारी मध्यरात्रीनंतर एक ओळही नाही.

त्या सर्व्हरवर माझ्या एका ज्युनिअरचं सिम्युलेशन चालायचं. शुक्रवारी संध्याकाळी लावायचं आणि सोमवारी निकाल बघायचा, असा त्याचा क्रम. साहजिकच संशय त्याच्यावर गेला. "तुझा कोड मेमरी खातोय, दुसरं काही नाही," हे त्याला मीच सांगितलं होतं. त्या बिचाऱ्याने मेमरी वाटपाचा सगळा भाग पुन्हा लिहून काढला, समांतर चालणारा कोड एकाच कोअरवर आणला आणि एका परिषदेची मुदत हुकवली. सर्व्हर तरीही बसला.

डिस्क तपासली नव्हती का? तपासली होती. चार डिस्क रेडमध्ये जोडलेल्या होत्या आणि रेडचा अहवाल 'सर्व डिस्क चालू' असं सांगत होता. डिस्कची स्वतःची 'स्मार्ट' नावाची आरोग्य तपासणी असते, तिचा निकाल 'पास' होता. म्हणून संशयितांच्या यादीतून डिस्क खोडून टाकली.

खरा दोष डिस्कचाच होता. तो कसा सापडला ते शेवटी सांगतो. आधी एक वेगळी गोष्ट सांगायची आहे, कारण आमची चूक काही नवी नव्हती. 'डिस्क एकतर चालते, नाहीतर मरते' ही समजूत आम्ही धरून चाललो होतो, आणि संगणकशास्त्रानेही ती बरीच वर्षं धरली होती. ती कुठून आली, का टिकली आणि कुणी मोडली, हा इतिहास संशोधनाची तयारी करणाऱ्या प्रत्येकाने एकदा वाचावा असं मला वाटतं. तुमचा विषय संगणक नसला तरीही.

आधी बचावाची बाजू: कोडवर संशय घेणं चूक होतं का?

१९८५ साली जिम ग्रे यांनी टँडम या कंपनीत असताना एक तांत्रिक अहवाल लिहिला. प्रश्न साधा होता: संगणक बंद का पडतात? त्यांच्यासमोर ग्राहकांकडे चालू असलेल्या २००० हून अधिक यंत्रणांच्या नोंदी होत्या. निष्कर्ष असा निघाला की बंद पडण्याच्या घटनांपैकी ४२ टक्के प्रशासन आणि देखभाल करणाऱ्या माणसांमुळे, २५ टक्के सॉफ्टवेअरमुळे, १८ टक्के हार्डवेअरमुळे आणि १४ टक्के वीज वगैरे बाहेरच्या कारणांमुळे होत्या.

म्हणजे हार्डवेअर तिसऱ्या क्रमांकावर. 'आधी माणूस बघा, मग सॉफ्टवेअर बघा, हार्डवेअरचं नंतर' या शहाणपणाला आकड्यांचा आधार मिळाला. सर्व्हर बसल्यावर आम्ही कोडकडे बोट दाखवलं त्यामागे हेच शहाणपण होतं, भले आम्ही ग्रे यांचं नाव घेतलं नसेल.

पण इथेच थांबून एक गोष्ट बघायला हवी. टँडमची यंत्रं ही मुळात बिघाड सोसण्यासाठीच बनवलेली होती. त्यांत प्रोसेसर जोडीने असत, डिस्कवरचा डेटा आरशासारखा दुसऱ्या डिस्कवर लिहिला जाई. एखादा भाग गेला तर दुसरा काम उचलत असे आणि यंत्र बंद पडतच नसे. त्यामुळे तो बिघाड 'यंत्र बंद पडलं' या यादीत यायचाही नाही. १८ टक्के हा आकडा हार्डवेअर किती वेळा बिघडतं याचा नाही. इतकी काळजी घेऊनसुद्धा हार्डवेअरमुळे यंत्र किती वेळा बंद पडतं, याचा आहे.

ग्रे यांनी हे लपवलेलं नव्हतं. आकडा तेवढा पुढे गेला आणि त्याची पार्श्वभूमी मागे राहिली. आमच्या लॅबमधल्या, कमी दराचं कोटेशन बघून घेतलेल्या डब्याला टँडमच्या यंत्राचा आकडा लावणं म्हणजे मुंबईच्या पावसाचा आकडा घेऊन माणमधल्या शेतकऱ्याला पेरणीचा सल्ला देण्यासारखं आहे.

१९८८: एक सोयीचं गृहीतक

आता 'चालते किंवा मरते' या समजुतीकडे येऊ.

ऐंशीच्या दशकात मोठ्या संगणकांना मोठ्या, महाग डिस्क लागत. त्याच काळात पर्सनल कॉम्प्युटरसाठी छोट्या, स्वस्त डिस्क बाजारात आल्या. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातले डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी १९८८ साली विचारलं: एका महागड्या डिस्कऐवजी पुष्कळशा स्वस्त डिस्क एकत्र बांधल्या तर? वेग वाढेल, खर्च कमी होईल. अडचण एकच. एका स्वस्त डिस्कचं सरासरी आयुष्य ३०,००० तास धरलं, तर १०० डिस्कच्या गठ्ठ्यात पहिली डिस्क सरासरी ३०० तासांत जाणार. म्हणजे दोन आठवडेही नाहीत.

त्यांचा उपाय म्हणजे रेड. डेटाबरोबर थोडी जास्तीची माहिती लिहून ठेवायची. एक डिस्क गेली की उरलेल्या डिस्कवरून तिच्यातला मजकूर गणिताने परत मिळवायचा आणि नव्या डिस्कवर उतरवायचा. हे उतरवणं पूर्ण होईपर्यंत दुसरी डिस्क जाऊ नये, एवढीच अट.

ही अट कितपत पाळली जाईल याचं गणित करताना त्यांनी दोन गृहीतकं धरली. एक, डिस्क एकमेकींपासून स्वतंत्रपणे बिघडतात. दोन, बिघाडांमधला काळ घातांकी वितरण पाळतो, म्हणजे डिस्क नवी असो की जुनी, पुढच्या तासात ती जाण्याची शक्यता तेवढीच. शिवाय एक तिसरी गोष्ट न बोलता धरली गेली: डिस्क गेली की ते कळतं. ती गप्प बसते, उत्तर देत नाही, मग कंट्रोलर तिला बाजूला काढतो.

गृहीतकं धरण्यात वावगं काही नव्हतं. त्याशिवाय गणित पुढे सरकतच नाही. भूकंप किंवा विजेचा झटका अशा प्रसंगी डिस्क स्वतंत्रपणे बिघडणार नाहीत, असं त्यांनी त्याच लेखात कंसात नोंदवूनही ठेवलं होतं. पुढे रेड सगळीकडे पोहोचलं, अगदी दुकानातल्या बिलिंगच्या मशिनपर्यंत. कंस मात्र लेखातच राहिला.

२००५: डिस्क खोटं बोलली तर?

डिस्क मध्येच अर्धवट बिघडू शकते, हे डिस्क बनवणाऱ्यांना ठाऊक होतं. लाखो-कोटी सेक्टरांपैकी एखादा वाचता येत नाही, बाकी डिस्क ठणठणीत. किंवा डिस्क 'लिहिलं' म्हणते आणि लिहिलेलंच नसतं. किंवा लिहिते, पण भलत्याच जागी. प्रश्न असा की डिस्कच्या वर बसलेलं सॉफ्टवेअर अशा वेळी काय करतं?

विस्कॉन्सिन-मॅडिसन विद्यापीठातल्या विजयन प्रभाकरन आणि सहकाऱ्यांनी २००५ साली हे तपासलं. पद्धत मोठी छान होती. त्यांनी डिस्क बिघडायची वाट बघितली नाही. फाइल सिस्टीम आणि डिस्क यांच्या मधोमध एक थर बसवला, जो मुद्दाम खोटे बिघाड पैदा करेल: हा ब्लॉक वाचता येत नाही, तो लिहिता येत नाही, या ब्लॉकमधला मजकूर बदललेला आहे. मग ईएक्सटी३, रायझरएफएस, जेएफएस, एनटीएफएस या फाइल सिस्टीम कशा वागतात ते टिपून ठेवलं.

निष्कर्ष वाचून झोप उडावी. ईएक्सटी३ अनेक ठिकाणी 'लिहिता आलं नाही' हा डिस्कचा निरोप ऐकूनही न ऐकल्यासारखं करत होती आणि पुढे जात होती. रायझरएफएस उलट स्वभावाची: लिहिताना जवळपास कुठलाही अडथळा आला की थेट सगळी यंत्रणाच थांबवायची, म्हणजे जास्त नुकसान नको. एनटीएफएस चिकाटीने पुन्हा पुन्हा प्रयत्न करत राहायची. एकाच फाइल सिस्टीममध्ये एकाच प्रकारच्या बिघाडाला वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळी उत्तरं लिहिलेली सापडली.

याचा अर्थ लक्षात घ्या. एकच खराब सेक्टर. एका सर्व्हरवर तो डेटा गुपचूप बिघडवेल, दुसऱ्यावर अख्खा सर्व्हर पाडेल, तिसऱ्यावर सगळं संथ करेल. दुरुस्त करणाऱ्या माणसाला समोर दिसतो तो फाइल सिस्टीमचा स्वभाव. डिस्कचा आजार त्यामागे झाकलेला राहतो.

२००७: अखेर कुणीतरी मोजलं

इथपर्यंत एक मोठी उणीव होती. खऱ्याखुऱ्या वापरातल्या डिस्क किती आणि कशा बिघडतात, याचे मोठ्या प्रमाणावरचे आकडे उघडपणे उपलब्धच नव्हते. उत्पादकांकडे होते, पण ते बाहेर कशाला देतील? बाहेर यायचं ते माहितीपत्रकातलं वाक्य: बिघाडापर्यंतचा सरासरी काळ दहा लाख तास.

दहा लाख तास म्हणजे ११४ वर्षं. अर्थात एकही डिस्क ११४ वर्षं चालत नाही, आणि तसा दावाही नाही. हा आकडा असा वाचायचा: वर्षाचे ८,७६० तास भागिले दहा लाख, म्हणजे वर्षाला ०.८८ टक्के डिस्क जाणार. हजार डिस्क असतील तर वर्षाला नऊ.

२००७ च्या फेब्रुवारीत स्टोरेजवरच्या एकाच परिषदेत दोन शोधनिबंध आले आणि चित्र बदललं.

पहिला कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या बियांका श्रोडर आणि गार्थ गिब्सन यांचा. हो, तेच गिब्सन. १९८८ च्या रेडच्या लेखातले. त्यांनी महासंगणक केंद्रं आणि इंटरनेट सेवांकडून सुमारे १,००,००० डिस्कच्या बदलीच्या नोंदी मिळवल्या. प्रत्यक्षात वर्षाला १ टक्क्याहून अधिक डिस्क बदलाव्या लागत होत्या, २ ते ४ टक्के हे प्रमाण सर्रास होतं आणि काही ठिकाणी ते १३ टक्क्यांपर्यंत गेलं होतं. महाग डिस्क आणि स्वस्त डिस्क यांच्यात अपेक्षित फरक दिसला नाही. 'पहिलं वर्ष पार पडलं की डिस्क स्थिरावते' ही समजूतही आकड्यांत उतरली नाही. बदलीचं प्रमाण वयाबरोबर सुरुवातीपासूनच वाढत गेलेलं दिसलं.

आणि मुख्य म्हणजे घातांकी वितरण टिकलं नाही. बिघाड घोळक्याने येत होते. त्यांनी अभ्यासलेल्या एका क्लस्टरमध्ये एका तासाच्या आत दोन डिस्क जाण्याची शक्यता जुन्या गणितापेक्षा चौपट निघाली. रेडचा सगळा भरवसा 'दुसरी डिस्क इतक्यात जाणार नाही' यावर होता, हे आठवा. स्वतःच्या तरुणपणीच्या गृहीतकाची एकोणीस वर्षांनी तपासणी करायची आणि ते टिकत नाही हे आपल्याच नावाने छापायचं, याला मी संशोधकाचा मोठेपणा म्हणेन.

दुसरा निबंध गूगलमधल्या एदुआर्दो पिन्हेरो, वोल्फ-डिट्रिक वेबर आणि लुईस आंद्रे बारोसो यांचा. त्यांच्याही हाताशी एक लाखाहून अधिक डिस्क होत्या, त्याही सर्वसाधारण ग्राहकांना मिळणाऱ्या. त्यांनी विचारलं: 'स्मार्ट' तपासणीवरून बिघाड आधी ओळखता येतो का?

उत्तर दुहेरी आलं. काही खुणा फार बोलक्या होत्या. डिस्क स्वतःचा पृष्ठभाग तपासताना पहिली चूक आढळली, की पुढच्या ६० दिवसांत ती डिस्क जाण्याची शक्यता बिनचूक डिस्कपेक्षा ३९ पट होती. पण उलट बाजूने बघितलं तर गेलेल्या डिस्कपैकी ५६ टक्क्यांहून अधिक डिस्कमध्ये चारही बोलक्या खुणांपैकी एकही दिसली नव्हती. म्हणजे खूण दिसली तर घाबरा. दिसली नाही म्हणून निर्धास्त होऊ नका. डॉक्टरी चाचण्यांबद्दल आपण जे शिकतो तेच इथे: चाचणी 'पॉझिटिव्ह' आली तर तिच्यावर किती विश्वास ठेवायचा आणि 'निगेटिव्ह' आली तर किती, हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

याच निबंधात एक गोष्ट सुरुवातीलाच कबूल केलेली आहे, आणि ती मला सर्वात शिकवून गेली. 'बिघडलेली डिस्क' याची व्याख्या काय? वापरणारा म्हणतो बिघडली, उत्पादकाकडे पाठवली की तिथल्या चाचणीत ती चांगली निघते, असं वारंवार होतं. मग दोघांपैकी खरं कोण? गूगलच्या लेखकांनी व्यवहारी व्याख्या घेतली: दुरुस्तीच्या वेळी जी डिस्क बदलली गेली, ती बिघडलेली. श्रोडर-गिब्सन यांनी तर 'बिघाड' म्हणण्याऐवजी 'बदली' मोजली. उत्पादकाचे ०.८८ टक्के आणि वापरणाऱ्याचे ३ टक्के यांच्यातल्या फरकाचा काही भाग हा खोटेपणाचा नाही, व्याख्येचा आहे.

मुकाट बिघडणारा डेटा

त्याच वर्षी युरोपातल्या सर्न या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत बेर्न्ड पांझर-स्टाइंडेल यांनी एक अगदी साधा प्रयोग नोंदवला. सुमारे ३,००० संगणकांवर एक छोटा प्रोग्राम ठेवला. दर दोन तासांनी तो ठरावीक नमुन्याची २ गिगाबाइटची फाइल लिहायचा, मग वाचून बघायचा की जे लिहिलं तेच परत आलं का. पाच आठवड्यांत १०० यंत्रांवर ५०० चुका सापडल्या. यातल्या बहुसंख्य चुका ६४ किलोबाइटच्या तुकड्यांच्या होत्या आणि त्यांतल्या एका प्रकारचं मूळ डिस्क आणि कंट्रोलर यांचं आपसात न जमण्यात होतं. उपाय म्हणून ३,००० डिस्कचं फर्मवेअर, म्हणजे डिस्कच्या आत बसवलेलं सॉफ्टवेअर, बदलायचं ठरलं.

प्रयोगाला महागडं उपकरण लागलं नाही. लागला तो प्रश्न विचारायचा आग्रह: 'मी लिहिलं तेच मला परत मिळतंय, हे मला कशावरून माहीत?'

याच सुमारास लक्ष्मी बैरवसुंदरम आणि सहकाऱ्यांनी नेटअ‍ॅप कंपनीच्या वापरातल्या १५.३ लाख डिस्कच्या नोंदी अभ्यासल्या. ३२ महिन्यांत ३.४५ टक्के डिस्कमध्ये 'सुप्त' खराब सेक्टर निघाले. सुप्त अशासाठी की तो सेक्टर कुणी वाचायला जाईपर्यंत कळतच नाही. दोन वर्षांपूर्वीची फाइल, जी कुणी उघडलेली नाही, ती मेली आहे हे आज कोण सांगणार? २००८ च्या पुढच्या निबंधात याच डिस्कसमूहात ४१ महिन्यांत चेकसम न जुळण्याच्या ४,००,००० हून अधिक घटना नोंदल्या गेल्या. चेकसम म्हणजे मजकुरावरून काढलेली छोटी संख्या. वाण्याच्या वहीतल्या पानाखालच्या बेरजेसारखी. बेरीज जुळली नाही तर वर कुठेतरी आकडा बदलला आहे.

सुप्त सेक्टरवरचा उपाय जुनाच होता, पण या आकड्यांनी त्याचं महत्त्व ठसलं: अधूनमधून सगळ्या डिस्कचा प्रत्येक सेक्टर वाचून बघायचा, कुणी मागितला नसला तरी. याला 'स्क्रबिंग' म्हणतात, डिस्क घासूनपुसून बघणं. नेटअ‍ॅपच्या अभ्यासात निम्म्याहून जास्त सुप्त चुका अशा घासण्यातूनच सापडल्या होत्या.

मरत नाही, पण चालतही नाही

२०१८ साली शिकागो विद्यापीठातल्या हरियादी गुनावी आणि अनेक सहकाऱ्यांनी १२ संस्थांमधून १०१ घटना गोळा केल्या. विषय: हार्डवेअर बंद न पडता संथ होणं. त्यातली एक घटना मी विसरू शकत नाही. एका यंत्रातला एक पंखा बंद पडला. त्याची भरपाई म्हणून बाकीचे पंखे पूर्ण वेगाने फिरू लागले. त्यांच्या कंपनांमुळे डिस्कचा वेग घसरला. बाहेरून काय दिसतं? डिस्क संथ झाली. डिस्क बदलून काय होणार? काहीच नाही.

आणि मग २०१९ चा नोव्हेंबर. हेवलेट पॅकार्ड एंटरप्राइझने ग्राहकांना कळवलं की त्यांच्या काही एसएसडी, विशिष्ट फर्मवेअर असेल तर, ३२,७६८ तास चालल्यावर बंद पडतील: ३ वर्षं, २७० दिवस आणि ८ तास. त्यानंतर ना डिस्क परत मिळणार, ना डेटा. ३२,७६८ म्हणजे २ चा १५ वा घात. १६ बिटांत चिन्हासकट मोजता येणारी सर्वात मोठी संख्या ३२,७६७. आता विचार करा, सर्व्हर विकत घेताना आपण सगळ्या डिस्क एकदमच घेतो आणि एकाच दिवशी चालू करतो. म्हणजे त्या सगळ्या एकाच वेळी जाणार. रेडच्या लेखातल्या कंसात भूकंप आणि विजेचा झटका होता. इथे ना जमीन हलली, ना वीज गेली. नुसतं घड्याळ पुढे सरकलं.

पुन्हा आमची लॅब

तिसऱ्या वेळी सर्व्हर बसल्यावर मी कागदावर तारखा लिहून काढल्या. तोपर्यंत आम्ही 'शनिवारी रात्री' एवढंच बोलत होतो. तारखा बघितल्यावर कळलं की तिन्ही वेळा तो महिन्याचा पहिला रविवार उजाडायच्या आधीचा शनिवार होता. ज्युनिअरचं सिम्युलेशन मात्र दर आठवड्याला चालत होतं. मग बाकीच्या शनिवारी सर्व्हर का बसला नाही?

महिन्याच्या पहिल्या रविवारी, मध्यरात्रीनंतर, त्या सर्व्हरवर आपोआप काय सुरू होतं? रेडचं स्क्रबिंग. वर सांगितलं तेच. लिनक्स बसवतानाच ते वेळापत्रक लागलं होतं आणि आम्हाला कुणालाच ते माहीत नव्हतं.

पुढच्या महिन्यात त्या शनिवारी मी आणि ज्युनिअर रात्री लॅबमध्ये थांबलो. सर्व्हरला मॉनिटर जोडला आणि त्याचे संदेश नेटवर्कवरून दुसऱ्या संगणकावर उतरतील अशी व्यवस्था केली. सिम्युलेशन मुद्दाम लावलं नाही. एक वाजायच्या जरा आधी स्क्रबिंग सुरू झालं. तासाभराने तिसऱ्या क्रमांकाच्या डिस्कबद्दलचे संदेश सुरू झाले: उत्तर नाही, जोडणी पुन्हा करतो, उत्तर नाही. लोडचा आकडा चढत होता आणि प्रोसेसर मोकळा बसून होता. सगळे प्रोग्राम डिस्कच्या उत्तरासाठी रांगेत उभे. काही वेळाने सगळंच गोठलं.

ती डिस्क घरगुती संगणकासाठीची होती. खराब सेक्टर लागला की अशी डिस्क चिकाटीने पुन्हा पुन्हा वाचत बसते, कधीकधी मिनिटभराहून जास्त, कारण घरच्या संगणकात त्या मजकुराची दुसरी प्रत नसते. लिनक्स साधारण ३० सेकंद वाट बघतं आणि जोडणी तोडून पुन्हा करतं. दोघंही आपापल्या जागी बरोबर वागत होते आणि त्यात सर्व्हरचा जीव जात होता. एरवीच्या कामात त्या सेक्टरांना कुणी हातच लावत नव्हतं. आणि लॉगमध्ये ओळ का नव्हती? लॉग त्याच डिस्कवर लिहिला जात होता. ज्याची तक्रार लिहायची त्याच्याच वहीत ती लिहायची, असा प्रकार.

'स्मार्ट'चा निकाल तेव्हाही 'पास' होता. पण त्याच अहवालात खाली, पुन्हा तपासायच्या सेक्टरांची संख्या शून्य नव्हती. आम्ही वरचा शब्द वाचला होता. खालचा तक्ता वाचला नव्हता.

डिस्क बदलली, नव्या डिस्कवर डेटा उतरवला, लॉग दुसऱ्या संगणकावर पाठवायला सुरुवात केली. सर्व्हर त्यानंतर बसलेला नाही. ज्युनिअरची मी माफी मागितली. त्याने हसून विषय संपवला, पण हुकलेली मुदत काही परत आली नाही.

तुम्ही लवकरच एखाद्या लॅबमध्ये जाल. तिथेही काहीतरी बिघडेल आणि सर्वांत नवीन माणसाकडे बोट जाईल; बहुधा ते तुम्हीच असाल. तेव्हा तीन गोष्टी करून बघा. आधी तारखा-वेळा कागदावर लिहा, आठवणीवर जाऊ नका. मग कुणी आकडा किंवा 'पास' असा शब्द समोर ठेवला तर विचारा, हे कुणी मोजलं, कशावर मोजलं आणि 'बिघाड' कशाला म्हटलं. आणि ज्याच्यावर संशय आहे ती गोष्ट बाजूला काढून एकदा प्रयोग करा. आम्ही एका शनिवारी सिम्युलेशन बंद ठेवलं असतं, तर तीन महिने वाचले असते.